ऋतू कळावा अशी इमारत

बाहेर पाऊस पडतो आहे की ऊन आहे, सूर्य डोक्यावर आहे की दुपार कलली, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, यांपैकी काहीही जिच्यात बसून सांगता येत नाही अशा इमारतीत आज जगातील असंख्य माणसांचा दिवस जातो. अमेरिकेतील लोकांच्या दिनक्रमाच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार तेथील माणूस सुमारे ८७ टक्के वेळ इमारतींच्या आत आणि आणखी ६ टक्के वेळ बंद वाहनांत घालवतो. म्हणजे उघड्या आकाशाखाली त्याच्या वाट्याला दिवसाचे पावणेदोन तासही येत नाहीत. वास्तुरचनेचे काम करताना हा आकडा माझ्या मनातून जात नाही. माणसाचे निसर्गाशी नाते कसे असेल हे आता उद्यानांवर आणि अरण्यांवर फारसे ठरत नाही; खिडकी किती उंचीवर आहे, छप्पर भिंतीच्या किती पुढे आले आहे आणि दार कुठे उघडते, यांवर ते ठरते.

हवामानापासून संरक्षण हे इमारत बांधण्याचे पहिले कारण आहे आणि ते गौण ठरवण्याचा माझा मुळीच विचार नाही. गळणारे छप्पर, ओल चढलेली भिंत किंवा उन्हाने तापून रात्रभर धग सोडणारी गच्ची यांत काव्य नसते, त्रास असतो. पण हवामानापासून वाचवणे वेगळे आणि त्यापासून तोडून टाकणे वेगळे. चांगले छप्पर पाऊस अंगावर येऊ देत नाही, पण त्याचा आवाज, त्याचा गारवा आणि ढगांमुळे बदललेला उजेड आत येऊ देते. इमारतीने हवामान अडवण्यापेक्षा गाळून घ्यावे, आणि बाहेर घडणारा बदल आतल्या माणसाला जाणवत राहावा, एवढेच मला येथे मांडायचे आहे. कुंड्या मांडून किंवा भिंतीवर वेली चढवून हे आपोआप साधत नाही.

आपण या बंदिस्तपणापर्यंत कसे आलो, याचा इतिहास फार जुना नाही. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. रंगीत छपाईत एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावे लागत, दमट हवेत कागद फुगे आणि रंग आपल्या जागेवरून सरकत, अशी तिथली अडचण होती. ज्या यंत्रणेने पुढे जगभरच्या कार्यालयांचे रूप बदलले, ती मुळात माणसासाठी नव्हे, तर कागद स्थिर राहावा म्हणून जन्माला आली, हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे ती नाट्यगृहांत, दुकानांत, कार्यालयांत गेली. तिच्या जोडीला नळीचे विजेचे दिवे आले, आणि इमारतीच्या रुंदीवर निसर्गाने घातलेली मर्यादा उठली. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड कामापुरता आत पोहोचतो, असा एक जुना ठोकताळा आहे. खिडकी जमिनीपासून अडीच मीटर उंचीपर्यंत असेल, तर पाच-सहा मीटरच्या पुढे बसणाऱ्याला दिवाच लागतो. यंत्राची हवा आणि विजेचा दिवा मिळाल्यावर तीस-चाळीस मीटर रुंदीचे मजले बांधता येऊ लागले, आणि त्यांच्या मधोमध बसणाऱ्या माणसाला दिवस उगवल्याचे आणि मावळल्याचे केवळ घड्याळ सांगू लागले.

या इमारतींच्या पाठीशी शास्त्रही उभे राहिले. डेन्मार्कचे अभियंते पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये माणसाला ऊबगारव्याची सोय केव्हा वाटते याचे एक गणित मांडले. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल अशा सहा गोष्टींचा त्यात विचार होता. गणित काळजीपूर्वक केलेले होते आणि आजही ते उपयोगी आहे. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा लावला गेला की एक आदर्श तापमान असते, ते वर्षभर आणि सर्वत्र सारखे राखावे, आणि त्यात होणारा प्रत्येक चढउतार हा दोष समजावा. परिणामी अगदी वेगवेगळ्या हवामानांच्या शहरांत, भर उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत, आतली हवा एकाच अंशावर खिळवून ठेवलेली दिसू लागली.

रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अभ्यासाने या समजाला छेद दिला. चार खंडांतील १६० इमारतींमधून गोळा झालेली सुमारे २१,००० निरीक्षणे त्यांच्यापुढे होती. यंत्राने थंड केलेल्या बंद इमारतींतील माणसे ठरावीक तापमानाला सरावलेली होती आणि थोडा फरक पडला तरी नाराज होत होती. ज्या इमारतींत खिडक्या उघडता येत होत्या, तिथल्या माणसांना मात्र बाहेरचे हवामान बदलेल तसे आतले तापमान बदललेले चालत होते. नुसते चालत नव्हते, त्यांना सुखद वाटणारे तापमानच बाहेरच्या हवेबरोबर वरखाली होत होते. या संबंधाचे सूत्र सोपे आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणावे आणि त्यात १७.८ मिळवावेत. बाहेरची सरासरी २० अंश सेल्सिअस असेल तेव्हा आत साधारण २४ अंश सुखद वाटतात, आणि ती ३० झाली की २७ अंशही तितकेच सुखद वाटतात. त्याच्या खालीवर साडेतीन अंशांची मुभा ठेवली, तरी पाचांतली चार माणसे समाधानी राहतात. २००४ पासून हे सूत्र अमेरिकेच्या अधिकृत मानकातही आहे. कपडे सैल करणे, खिडकी उघडणे, पंख्याखाली सरकणे अशा लहानसहान कृती त्यामागे आहेतच. पण आज उन्हाळा आहे हे ठाऊक असलेला माणूस उन्हाळ्याची अपेक्षा ठेवूनच बसतो, ही मनाची बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला ऋतू कळतो तो ऋतू सोसतोही.

याच्याही एक पाऊल पुढे जायला हवे. सोसणे वेगळे आणि सुख वेगळे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की एकच स्पर्श शरीराच्या त्या वेळच्या अवस्थेनुसार सुखाचा किंवा दुःखाचा ठरतो. शरीर तापलेले असताना गार पाण्यात हात घातला तर आनंद होतो. शरीर गारठलेले असताना तेच पाणी नकोसे होते. याचा इमारतीच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. सर्वत्र आणि सदैव सारखे तापमान राखले, तर तक्रार कमी होईल, पण हे सुख तिथे जन्मच घेऊ शकणार नाही, कारण ते एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यातच असते. उन्हातून येऊन जाड भिंतीच्या सावलीत शिरणे, थंडीच्या सकाळी खिडकीतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची सरकवणे, उकाड्यानंतर आलेली पहिली झुळूक, ही सुखे कोणत्याही यंत्राच्या कळीवर नाहीत. ती आराखड्यात आधी ठेवावी लागतात.

निसर्गाच्या सान्निध्याचा माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो याचा विषय निघाला की रॉजर उलरिच यांच्या १९८४ मधील अभ्यासाचा उल्लेख हमखास होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. वय, लिंग आणि अशाच अन्य बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. जोडीतल्या एकाच्या खाटेवरून खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याला विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्याविषयी प्रतिकूल शेरेही कमी होते. अभ्यास लहान आहे आणि त्यावर फार मोठे मनोरे रचू नयेत असे मला वाटते. पण त्यातील एक तपशील क्वचितच सांगितला जातो: त्यांनी वर्षातले केवळ १ मे ते २० ऑक्टोबर या काळातले रुग्ण घेतले, कारण उरलेल्या महिन्यांत त्या झाडांना पाने नसत. खिडकीबाहेर होते ते वाऱ्याने हलणारे, उन्हापावसात रंग बदलणारे पानांचे झाड. भिंतीत असले काही घडत नाही. त्या रुग्णांना हिरव्या रंगाने बरे केले की दिवसभर काहीतरी संथपणे घडत असलेल्या दृश्याने, हे त्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. माझा कल मात्र दुसऱ्या बाजूला आहे.

म्हणून इमारतीत निसर्ग आणायचा म्हणजे आधी त्याची हालचाल आणायची. त्यात सर्वांत हाताशी असलेली गोष्ट म्हणजे ऊन. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणून जमिनीवर पडलेला कवडसा डोळ्यांदेखत जागा बदलतो. रोममधील पँथिऑन हे सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचे मंदिर याच एका गोष्टीवर उभे आहे. त्याच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटर व्यासाचे उघडे भोक आहे, त्याला कधीही काच नव्हती. तिथून येणारी उन्हाची तबकडी दिवसभर भिंतीवरून आणि जमिनीवरून फिरते, आणि पाऊस आला की तोही आत पडतो. त्यासाठी फरशीला हलका उतार दिलेला आहे आणि तिच्यात पाणी जाण्याची छिद्रे आहेत. पाऊस आत घेण्याचा निर्णय ज्याने केला, त्याने पाण्याची वाटही त्याच वेळी आखून ठेवली होती. घुमटाच्या भव्यतेइतकाच त्या लहान छिद्रांचा मला आदर वाटतो.

ऊन आत घेणे म्हणजे मोठ्या काचा लावणे, असा एक समज रूढ आहे. ऊन केव्हा हवे आणि केव्हा नको हे आधी ठरवावे लागते, आणि त्याला भूमितीचे चांगले साहाय्य आहे. उत्तर गोलार्धात ५० अक्षांशावर २१ जूनला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६३ अंश वर असतो आणि २१ डिसेंबरला जेमतेम साडेसोळा अंश. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढला, तर जूनच्या दुपारी त्याची सावली १२० सेंटिमीटर खालपर्यंत पोहोचून खिडकी झाकते, आणि डिसेंबरमध्ये फक्त १८ सेंटिमीटर उतरते, म्हणजे जवळजवळ सगळे ऊन आत येते. एकही हलता भाग नसलेला हा छज्जा ऋतू ओळखतो. विषुववृत्ताकडे सरकत जावे तसे हे गणित बदलते. २० अक्षांशावर जूनमधला सूर्य दुपारी थेट डोक्यावरून थोडा उत्तरेलाच कललेला असतो. पूर्व आणि पश्चिम दिशांना मात्र कुठेही छज्जा पुरा पडत नाही, कारण तिथले ऊन तिरपे, जवळजवळ आडवे येते. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, सरकत्या झडपा किंवा पानगळीचे झाड हेच उपाय आहेत. पानगळीचे झाड तर उन्हाळ्यात सावली देते आणि थंडीत पाने गाळून ऊन सोडते, शिवाय आतल्या भिंतीवर त्याच्या पानांची थरथरती सावली पडते, जी कोणतीही धातूची पट्टी देऊ शकत नाही.

उजेडाचे महत्त्व केवळ पाहण्यापुरते नाही, हे आता शरीरशास्त्रही सांगते. डोळ्याच्या पडद्यात ज्यांचे मुख्य काम दृश्य टिपण्याचे नाही, तर दिवस-रात्रीची खबर मेंदूतल्या घड्याळाला देण्याचे आहे, अशा प्रकाशग्राही पेशी असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. सकाळच्या आकाशात विपुल असलेल्या निळसर प्रकाशाला त्या विशेष दाद देतात. उजेड लक्स या एककात मोजतात. ढगाळ दिवशीही बाहेर सुमारे १०,००० लक्स उजेड असतो, लख्ख उन्हात तो १,००,००० लक्सपर्यंत जातो, आणि कार्यालयात मेजावर ३०० ते ५०० लक्स असले की ते पुरेसे मानले जाते. वाचायला तेवढे पुरते. शरीराला सकाळ झाली हे पटवायला ते कमी पडते. त्यामुळे निजायच्या खोलीला पूर्वेचा उजेड मिळणे आणि रुग्णालयात प्रत्येक खाटेवरून आकाशाचा तुकडा दिसणे या माझ्या मते चैनीच्या बाबी नाहीत.

आल्वार आल्टो यांनी फिनलंडमध्ये पाइमिओ येथे क्षयरुग्णांसाठी बांधलेले आरोग्यधाम १९३३ मध्ये सुरू झाले. क्षयावर तेव्हा परिणामकारक औषध नव्हते. ऊन, स्वच्छ हवा आणि विश्रांती हाच उपचार होता, म्हणून इमारतीलाच औषधाचे काम करावे लागले. रुग्णांच्या खोल्या सकाळच्या उन्हाकडे वळवलेल्या आहेत, उघड्या हवेत पडून राहण्यासाठी पाइनच्या वनाकडे पाहणारे सज्जे आहेत, आणि रुग्ण दिवसभर उताणा पडून असतो हे ध्यानात घेऊन खोलीचे छत डोळ्यांना निववणाऱ्या हिरव्या छटेत रंगवले होते. आल्टो यांनी निसर्गाचा विचार केला तो पडून असलेल्या माणसाच्या नजरेतून. वास्तुरचनेच्या शिक्षणात उभ्या माणसाच्या नजरेची उंची आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवली जाते; खाटेवरच्या, खुर्चीतल्या किंवा रांगत्या बाळाच्या नजरेची उंची मात्र फार उशिरा, आणि पुष्कळदा शिकवलीच जात नाही.

हवामान गाळून घेण्याची खरी जागा मात्र खिडकी नव्हे. ती आत आणि बाहेर यांच्या मधली जागा होय. ओसरी, पडवी, व्हरांडा, चौक, सज्जा, काहीही म्हणावे. जिथे माणूस पावसात असतो पण भिजत नाही, उजेडात असतो पण उन्हात नसतो, अशी ती जागा. नव्या इमारतींत सर्वांत आधी बळी जातो तो हिचाच, कारण क्षेत्रफळाच्या हिशेबात ती ना खोली ठरते ना अंगण. चार्ल्स कोरिया यांनी हा प्रश्न उंच इमारतीत सोडवून दाखवला. मुंबईच्या १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनगंगा या २८ मजली इमारतीपुढे एक पेच होता: समुद्राचा वारा आणि देखावे पश्चिमेला, पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाळ्याची झडही त्याच दिशेने येणार. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा फिरवण्याचा उपाय शोधला होता. कोरियांनी तोच विचार आकाशात नेला आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीची बाग कोरून काढली. वारा तिथून आत येतो, पाऊस तिथेच थबकतो, आणि राहणाऱ्याला दोन्ही भेटतात.

फ्रान्समधील बोर्दो शहरातले काम मला त्याहूनही अधिक जवळचे वाटते, कारण तिथे नवे काही बांधायचे नव्हते आणि राहणारे लोक धनवान नव्हते. १९६० च्या दशकातल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या तीन इमारती आणि त्यांतली ५३० घरे, असा तो मामला होता. आन लाकाटोन आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०१७ पर्यंत ते काम पूर्ण केले. त्यांनी जुन्या खिडक्यांची भिंत उघडली आणि बाहेरून खोल काचबंद ओसरी व तिच्यापुढे सज्जा जोडला. हिवाळ्यात तावदाने मिटली की उन्हाने ती ओसरी उबदार होते आणि मागच्या खोल्यांना ऊब देते. उन्हाळ्यात ती पूर्ण उघडून पडदे ओढता येतात. काम चालू असताना कुणालाही घर सोडावे लागले नाही. रहिवाशाला तिथे हवामानाचा एक संपूर्ण थर मिळाला, जो तो आपल्या हाताने उघडतो आणि मिटतो.

पावसाची दखल इमारती फार कमी घेतात. छपरावर पडलेले पाणी नळांत शिरते, नळ भिंतींत दडतात, आणि पाऊस जणू पडलाच नाही असे होते. वळचणीवरून पागोळ्या गळताना दिसाव्यात, पन्हळीतून आलेली धार कुंडात पडताना ऐकू यावी, अंगणातल्या दगडी चरातून पाणी वाहावे, यासाठी वेगळा खर्च जवळजवळ लागत नाही. लागतो तो पाण्याची वाट लपवण्याऐवजी दाखवण्याचा निर्णय. या बाबतीत टोकाचे उदाहरण म्हणजे तादाओ आंदो यांनी १९७६ मध्ये ओसाकाच्या सुमियोशी भागात बांधलेले छोटे काँक्रीटचे घर. अरुंद जागेचे तीन समान भाग करून मधला भाग त्यांनी आकाशाला पूर्ण उघडा ठेवला. दिवाणखान्यातून जेवणघरात किंवा स्नानगृहात जायचे तर हा चौक ओलांडावा लागतो, आणि पाऊस असेल तर छत्री घेऊन. त्या घराच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही म्हाताऱ्या माणसांच्या किंवा आजारी मुलाच्या घरात मी असा चौक सक्तीचा करणार नाही; त्याच्या एका कडेने झाकलेली वाट ठेवली, तर पाऊस तेवढाच भेटतो आणि भिजायचे की नाही हे माणूस ठरवतो.

हे ठरवण्याचे स्वातंत्र्य कळीचे आहे. डी डिअर आणि ब्रेगर यांनी अभ्यासलेल्या, खिडक्या उघडणाऱ्या इमारतींतही माणसे खूश होती, त्यात खिडकीची कडी त्यांच्या हाती असण्याचा वाटा होता. याच कारणासाठी काटकसरीची इमारत आणि निसर्गाशी जोडलेली इमारत यांत मी फरक करतो. मिक पिअर्स यांनी झिंबाब्वेमधील हरारे शहरात बांधलेले ईस्टगेट सेंटर १९९६ पासून उभे आहे. रात्रीची थंड हवा इमारतीच्या पोकळ्यांतून खेळवून काँक्रीट गार करायचे आणि दिवसा त्या गारव्यावर निभवायचे, ही त्याची युक्ती. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या, रात्री चांगली थंड होणाऱ्या शहरात ती उत्तम चालते; जिथे रात्रही दमट आणि उष्ण असते तिथे ती चालणार नाही. ऊर्जेच्या दृष्टीने ही इमारत अभ्यासण्याजोगी आहे. पण रस्त्यावरचा गोंगाट आणि वाऱ्याचा बेभरवसा दाब टाळण्यासाठी तिच्या खिडक्या मात्र बंद ठेवाव्या लागल्या. इमारत हवामान ओळखते, आतल्या माणसाला ते जाणवेलच असे नाही.

काचेच्या भिंतींबद्दल मला स्पष्ट लिहायला हवे, कारण निसर्गाशी नाते हे शब्द आज सर्वाधिक वापरले जातात ते त्यांच्याच समर्थनासाठी. मीस व्हान डेर रोह यांनी इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी बांधलेले फार्न्सवर्थ घर १९५१ मध्ये पूर्ण झाले. चारही बाजूंना काच, मध्ये झाडी, शेजारी नदी. छायाचित्रांत त्याच्याइतके निसर्गाशी एकरूप घर दुसरे दिसणार नाही. पण काच उन्हाला आत येऊ देते आणि तापलेल्या वस्तूंची धग बाहेर जाऊ देत नाही. उघडणाऱ्या खिडक्या मोजक्याच, त्यामुळे उन्हाळ्यात ते घर तापत असे. पुरासाठी जमिनीपासून दीड मीटरहून वर उचललेले असूनही १९५४ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये नदीचे पाणी आत शिरले. निसर्ग तिथे चौकटीतल्या चित्रासारखा समोर होता. त्याचा वारा, वास आणि आवाज काचेपलीकडे राहिले. आणि काचेची किंमत पलीकडचेही मोजतात: एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात, असा २०१४ मधला अंदाज आहे. काचेवर आतून-बाहेरून दिसणाऱ्या दाट रेषा किंवा ठिपके उमटवले, बाहेरून जाळी लावली, तर हे पुष्कळ टळते. ज्या इमारतीला निसर्गप्रेमी म्हणवून घ्यायचे आहे, तिने निदान एवढे तरी करायलाच हवे.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सुखद तापमानाचे वर दिलेले सूत्र बाहेरची सरासरी १० ते ३३.५ अंशांच्या दरम्यान असेपर्यंतच वापरायचे असते. उष्णतेची लाट आली, धुराने हवा विषारी झाली किंवा डासांमुळे साथ पसरली, तर खिडकी मिटावी आणि यंत्र चालवावे, यात कसलाही पराभव नाही. माझी हरकत वर्षातल्या वाईट महिन्यांसाठी केलेली सोय बाराही महिने लादण्याला आहे. उघडताही येते आणि नीट मिटताही येते अशी इमारत करणे हे बंद इमारतीपेक्षा कठीण आहे, कारण तिच्यात बिजागऱ्या, जाळ्या, झडपा आणि पडदे यांची आखणी छपराइतक्याच काळजीने करावी लागते.

अशा घराचा मला ठाऊक असलेला सर्वांत नेमका नमुना ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला यिर्काला येथे आहे. ग्लेन मरकट यांनी १९९४ मध्ये ते बांडुक मारिका या आदिवासी कलावतीसाठी आणि त्यांच्या जोडीदारासाठी बांधले. त्या प्रदेशात उष्णता, आर्द्रता, भरतीच्या लाटा आणि चक्रीवादळे यांचे राज्य असते. घर पायांवर उचललेले आहे, खिडक्यांना काच अजिबात नाही, आणि भिंतींचे मोठे फलक वर उचलले की घराची ओसरी होते. मिटले तरी फळ्यांच्या फटींतून हवा वाहती राहते आणि आतून क्षितिज दिसते. वादळात आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून छपरावर हवेच्या नळ्या आहेत. कोण येते आहे, समुद्र कसा आहे, हवा कशी बदलते आहे हे घरात बसून कळले पाहिजे, ही राहणाऱ्यांची गरज होती, आणि आराखडा त्या गरजेपासून सुरू झाला.

नव्या कामाला हात घालताना मी आता जागेचा नकाशा मिळाला की त्यावर खोल्या मांडण्याआधी चार गोष्टी काढून घेतो: दोन्ही अयनदिनांना, म्हणजे २१ जून आणि २१ डिसेंबरच्या सुमारास, दुपारचे आणि सायंकाळचे ऊन कुठवर येते, उकाड्याच्या महिन्यांत वारा कोणत्या कोपऱ्यातून शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट कुठे आहे, छपरावरचे पाणी कोणत्या बाजूने उतरेल, आणि खाटेवर पडल्या पडल्या आकाश कुठून दिसेल. त्यानंतर आखलेल्या भिंती पुष्कळदा वेगळ्याच जागी येतात, आणि ज्यांच्यासाठी घर बांधायचे त्यांच्याशी होणारे बोलणेही वेगळे होते. किती खोल्या हव्यात याऐवजी सकाळी कुठे बसायला आवडते, पाऊस कुठून पाहायचा आहे, अशा प्रश्नांना ती माणसे फार तत्परतेने आणि फार नेमकी उत्तरे देतात.